धार सगळ्यात शेवटी

पावसाळा लागला की पुण्याहून मुळशीमार्गे ताम्हिणीकडे कॅमेऱ्यांची रीघ लागते. परत आल्यावर मंडळी विचारतात, धुकं एवढं सुंदर होतं, मग फोटो असा काळपट-निळा का आला? बिचाऱ्या कॅमेऱ्याची चूक नसते. समोर सगळं पांढरं दिसलं की त्याला वाटतं, उजेड फार झाला, आणि तो फोटो गडद करतो. ढगाळ उजेडाचा निळेपणा असतोच. संगणकावर हे सुधारता येतं. पण आधी काय नि मग काय, हे ठाऊक हवं.

मी ते नुकसान सोसून शिकलो. 2006 च्या जुलैत पौडच्या पुढे मावशीच्या खाचरात भातलावणी चालली होती. डोक्यावर इरलं घेतलेली मावशी मान वर करून हसली आणि मी बटण दाबलं. कॅमेरा सहा मेगापिक्सेलचा. घरी येऊन आधी फोटोला धार दिली, म्हणजे 'शार्पन' केलं. मग उजेड वाढवला. मग भावाला ई-मेलनं पाठवायला 640 बाय 480 इतका लहान केला आणि त्याच नावानं सेव्ह केला. कार्ड तर आधीच पुसलं होतं.

चार वर्षांनी मावशी गेली. मावसभाऊ म्हणाला, "दादा, तो इरल्यातला फोटो मोठा करून दे, भिंतीला लावायचाय." मूळ फाइलवरून नऊ बाय सात इंचांची स्वच्छ प्रिंट निघाली असती. उरलेल्या फाइलची जेमतेम दोन इंचांची. शिवाय इरल्याच्या कडेनं पांढरी रेघ आणि आभाळात वाळू सांडल्यासारखे ठिपके. धार आधी दिली की ठिपक्यांनाही धार येते, आणि उजेड वाढवला की ते आणखी उठून दिसतात.

आता मी मूळ फाइलला हात लावत नाही, प्रतीवरच काम करतो. प्रथम फोटो सरळ करायचा. धरणाचं पाणी एका बाजूला कलंडलेलं बरं दिसत नाही. मग निळेपणा काढायचा, कारण रंगाचा तोल बदलला की उजेडही थोडा बदलतो. मग उजेड, त्यानंतर गडद-फिक्यातलं अंतर. इथे हात आखडता घ्यावा, नाहीतर ज्या धुक्यासाठी आपण घाट चढलो तेच नाहीसं होतं! ठिपके कमी करायचे, भिंगावरच्या थेंबांचे डाग पुसायचे. हे झालेलं काम पूर्ण आकारात वेगळ्या नावानं ठेवायचं. प्रिंट किंवा ई-मेल, जे हवं असेल त्या मापाची प्रत त्यातून काढायची आणि धार त्या मापावर, सगळ्यात शेवटी. जेपेग फाइल बदलून पुन्हा पुन्हा सेव्ह केली, तर दर खेपेला थोडा तपशील गळतो, म्हणून ते एकदाच.

मावसभावाकडे तो फोटो अजून आहे, पोस्टकार्डाएवढा, जरासा पुसट. पाहुणे विचारतात, मोठा का नाही केला? तो माझ्याकडे बघतो, मी चहाच्या कपात.