बाईंचा चौकोन



नववीत बाईंनी आपल्याला संच शिकवले ते व्हरांड्यात, आठवतंय ना? फरशीवर खडूने एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं काढली. एकात सायकलने येणारे, दुसऱ्यात कबड्डी खेळणारे. सायकलवाले १२, कबड्डीवाले ९, आणि मधल्या भागात, म्हणजे छेद संचात, ४. मग एकूण २१ नाहीत, १७ का? त्या चौघांना आपण दोनदा मोजलं होतं.

मी आणि माझ्या बाकावरची मैत्रीण कशातच नव्हतो. भिंतीला टेकून उभ्या. बाईंनी दोन्ही वर्तुळांभोवती मोठा चौकोन काढला आणि आम्हाला आत घेतलं. म्हणाल्या, "हा विश्वसंच. तुम्ही वर्तुळाबाहेर आहात, वर्गाबाहेर नाही."

रिक्त संच मात्र माझ्या गळी उतरेना. ज्यात काहीच नाही तो प्रत्येक संचाचा उपसंच कसा? बाई म्हणाल्या, "नसेल, तर त्यातला असा एक घटक दाखव जो दुसऱ्या संचात नाही." दाखवणार कुठून! गणितात भांडताही येतं हे तेव्हा कळलं. बहुतेक त्यामुळेच मी इंजिनिअरिंगला गेले.

आता वीस वर्षं डेटाबेसवर काम करते. दोन याद्या साध्या पद्धतीने जोडल्या की दोन्हींत असलेल्या नोंदीच हाती येतात, म्हणजे छेद संच. एका यादीत नसलेलं माणूस निमूट गळतं, एररसुद्धा येत नाही. नव्या मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात बजावते.

आणि या मेळाव्याची यादी करताना मीच फसले. गुणधर्म लिहिला, 'आपल्या तुकडीतून दहावी पास झालेले'. ४१ नावं आली, मी खूश. तीन आठवड्यांनी ग्रुपवर कुणीतरी त्याच मैत्रिणीबद्दल विचारलं. नववीनंतर तिचं लग्न लावून दिलं होतं. जिच्याशेजारी मी भिंतीला टेकून उभी होते, तिची मला आठवणही झाली नव्हती. याची लाज अजून वाटते.

मग शाळेतून नववीचा हजेरीपट मिळवला. ७ नावं वाढली, त्यातल्या पाच जणांचा पत्ता लागला.

तिला फोन केला तेव्हा तिने आधी विचारलं, "मी आलेलं चालेल ना? मी दहावी नाही गं." आज ती मागच्या रांगेत बसली आहे, नातीला घेऊन. चौकोन तिला आठवत नाही. भिंतीचा चुना पाठीला लागला होता आणि घरी बोलणी खाल्ली होती, ते आठवतं.