बापाचा रकाना कोरा

आमचे पणजोबा अरबस्तानातून आले, असं आमच्या घरात सांगितलं जायचं. लग्नाची बोलणी निघाली की चाचा हे हमखास सांगत आणि समोरची मंडळी माना डोलवत. मला मात्र कोडं पडे. अरबस्तानातला माणूस सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यात दुसऱ्याची गुरं राखायला कशाला येईल?

एकदा फुप्पीला, म्हणजे आत्याला विचारलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अरब कुठला रे! दुष्काळातलं पोर होतं ते. खडी फोडायच्या कामावर आईबाप मेले. गावच्या मुलाण्यानं उचलून घरी आणलं."

१८७६ ते १८७८चा तो दुष्काळ. पोट भरायला माणसं सरकारी कामांवर जात. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी धडधाकट पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही.

मग मी कागद शोधायला निघालो. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, पणजोबांची नोंद सापडली. अक्षर मोडी, म्हणून एका निवृत्त गुरुजींकडून वाचून घेतली. साल १९१८, वय ४५, कारण ताप. ते इन्फ्लुएन्झाच्या साथीचं वर्ष. बापाच्या नावाचा रकाना कोरा.

वय धरलं तर दुष्काळात ते तीन-चार वर्षांचे. फुप्पीचं म्हणणं जुळतं. पण जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. वय तेव्हा अंदाजानंच लिहीत, आणि रकाना कारकुनाच्या आळसानंही कोरा राहतो. ते जन्मानं मुसलमान होते, मराठा, धनगर की आणखी कुणी, हे कोणताच कागद सांगत नाही.

चाचा म्हणाले, "हे बाहेर बोलू नकोस. पोरींची लग्नं व्हायचीत."

पुढं माझ्याच मुलीची बोलणी निघाली. पाहुण्यांनी खानदान विचारलं. मी म्हणालो, "मुलाण्याच्या घरात वाढलेल्या पोराचं. त्यामागचं ठाऊक नाही." चाचांनी मान खाली घातली. पाहुण्यांतले म्हातारे थोडं थांबून म्हणाले, "आमचं तरी आजोबांच्या मागं कुणाला ठाऊक आहे?"

मग चहा आला.

श्रोतेहो, घरात म्हातारं माणूस असेल तर आजच विचारून घ्या. माझी फुप्पी आता नाही. त्या मुलाण्याचं नाव मात्र तिला विचारायचं राहूनच गेलं.