कष्टकऱ्यांची चाळिशी

गावोगावहून आलेल्या नेत्रतज्ज्ञ बंधू-भगिनींनो,

ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या सोलापूर नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये तिथेच रुग्णसेवेत देह ठेवलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. डॉक्टरांचा मान इथे जुना आहे.

मी यंत्रमागाच्या धंद्यातला माणूस. आपल्यापुढे मोतीबिंदू-काचबिंदूवर बोलण्याचं धाडस मी करणार नाही. पण ज्यांचे डोळे आपण तपासता, ती माणसं माझ्या रोजच्या उठण्या-बसण्यातली आहेत. त्यांच्या वतीने चार शब्द बोलतो.

१८७७ मध्ये इथे पहिली कापडगिरणी निघाली. पुढे गिरण्या बंद पडल्या, पण चादरी-टॉवेलांचे माग चालू राहिले आणि घरोघरी बायका विड्या वळत राहिल्या. तुटलेला धागा हेरून गाठ मारणं काय किंवा तेंदूचं पान बेतून कापणं काय, दोन्ही कामं डोळ्यांजवळची. चाळिशी उलटली की नेमकं जवळचंच धूसर होतं. मग आमची माणसं उजेडाकडे सरकतात, काम लांब धरतात आणि ‘आता पहिल्यासारखा हात चालत नाही’ म्हणतात. हात धडधाकट असतो, नाकावर चष्मा नसतो!

आसामच्या मळ्यांत चाळिशी गाठलेल्या चहा-कामगारांना जवळचे साधे चष्मे दिले, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानतोडणी सुमारे २२ टक्के अधिक वाढली. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने २०१८ मध्ये हा अभ्यास छापला. हजार विड्यांवर मजुरी घेणाऱ्या बाईला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

खेड्यांतली दुखणी आणखी वेगळी. ऊसतोडीत पात्याची धार बुबुळाला लागते, मळणीत ज्वारीचं कूस डोळ्यात जातं. माणूस आधी औषधाच्या दुकानात जातो, तिथून स्टेरॉइडचे थेंब घालतो आणि बुरशी बळावते. आपल्याकडे येतो तेव्हा डोळ्यात फूल पडलेलं असतं. काचबिंदू आणि मधुमेहाने बिघडणारा पडदा तर सुरुवातीला दुखतही नाहीत. दुखत नाही म्हणून कुणी येत नाही आणि काचबिंदूत गेलेली नजर परत मिळत नाही.

मोतीबिंदूचं तसं नाही. हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ मध्ये लंडनला डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आज मोतीबिंदू बिनटाक्याचा निघतो, लेसरने चष्म्याचा नंबरही घालवता येतो. हे कौशल्य गरिबाच्या वाट्यालाही येऊ शकतं, हे लातूर जिल्ह्यातल्या माकेगावच्या डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात दाखवून दिलं.

म्हणून यजमान या नात्याने एक मागणं मागतो. शिबिरात मोतीबिंदूचे रुग्ण निवडून बाकीच्यांना रिकाम्या हाती पाठवू नका. चाळिशीचा चष्मा जागेवरच द्या, डोळ्याचा दाब मोजा, मधुमेह असलेल्याचा पडदा बघा. माझ्या कारखान्यात अशी तपासणी करायला आपण कधीही या. जागा माझी, चष्म्यांचा खर्च माझा आणि तपासणीत गेलेल्या वेळाची मजुरीही मी कापणार नाही. इतर कारखानदारांनाही मी गळ घालेन.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी तयार आहे. व्यवस्थेत काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या.