शाळेच्या दप्तरातील आपले नाव



गुणगौरवाच्या या समारंभात गुणांविषयी पुष्कळ बोलले गेले. आम्ही बोलणार आहोत ते, ही नावे व गुण ज्यात नोंदले जातात त्या दप्तराविषयी.

जातपडताळणी समितीपुढे जाण्याचा प्रसंग ज्या कुटुंबांवर आला, त्यांस आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातील एका ओळीचे मोल ठाऊक आहे. इतर मागासवर्गात गणल्या गेलेल्या आपल्यासारख्या ज्ञातींस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, आणि तो बहुधा शाळेतच सापडतो.

हे दप्तर आता संगणकावर गेले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ‘सरल’ ही प्रणाली आणली. केंद्र शासनाची ‘यू-डायस प्लस’ २०२२-२३ पासून एकेका विद्यार्थ्याची स्वतंत्र माहिती घेते. सोय निःसंशय मोठी आहे. गाव सोडून गेलेल्या मुलाची नोंद नव्या शाळेकडे संगणकावरूनच वर्ग होते. एकच मूल दोन शाळांच्या पटावर दाखविणे अवघड झाले. (माहिती भरण्यात शिक्षकांच्या दुपारी खर्ची पडतात, हे त्यांचे गाऱ्हाणेही खोटे नव्हे.)

परंतु यंत्रास खरेखोटे कळत नाही. टंकणाऱ्याने जे टंकले तेच त्याच्या लेखी सत्य. रजिस्टरात ‘दत्तात्रय’, आधारपत्रावर ‘दत्तात्रेय’ आणि इंग्रजीत तिसरेच काही, असे झाले की नावे जुळत नाहीत म्हणून ते अडून बसते. जुन्या कारकुनास निदान समोर बसून समजावता येत असे! हीच चूक पुढे मंडळाच्या प्रमाणपत्रावर जाते, तेथून जातीच्या दाखल्यापर्यंत पोहोचते. मूल शाळेत असताना ती पालकांच्या अर्जाने व पुराव्याने सुधारता येते. शाळा सोडल्यावर मात्र त्यासाठी फार खेटे घालावे लागतात.

तेव्हा दहावीचे आवेदनपत्र भरण्याच्या पुष्कळ आधी वर्गशिक्षकांकडे जाऊन पाल्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख व जात जनरल रजिस्टराशी ताडून पाहावी. ‘अपार’ या बारा अंकी क्रमांकासाठी पालकांची संमती मागितली जाते. ती ऐच्छिक आहे. संमतिपत्र वाचूनच सही करावी.

आणखी एक. ‘सरल’मध्ये आपली मुले आहेत, आजोबा नाहीत. ते अद्याप त्या जीर्ण रजिस्टरातच आहेत. ज्या गावी ती वाळवीच्या तोंडी पडली आहेत, तेथील बांधवांनी मुख्याध्यापकांस भेटून आपल्या घरच्या नोंदींचे प्रमाणित उतारे पावसाळ्यापूर्वी मागून घ्यावेत.