जोडीदाराच्या नोकरीचे काय?

परदेशातल्या विद्यापीठातून संशोधनासाठी बोलावणे आले, की घरात आनंदीआनंद होतो. पेढे वाटले जातात, प्रयोगशाळा कशी आहे, शिष्यवृत्ती किती, थंडी किती पडते याची चौकशी होते. एक प्रश्न मात्र बहुधा तिकिटे काढून झाल्यावरच निघतो. बरोबर जाणाऱ्या बायकोने किंवा नवऱ्याने तिथे करायचे काय?

जोडीदाराला व्हिसा सहसा मिळतो, पण व्हिसा म्हणजे कामाची परवानगी नव्हे. ही परवानगी जोडीदाराची पदवी किंवा अनुभव पाहून दिली जात नाही. संशोधक कोणत्या प्रकारच्या व्हिसावर जातो, त्यावर ती ठरते.

अमेरिकेचेच पाहा. पीएच.डी.साठी जाणारा विद्यार्थी साधारणपणे एफ-१ व्हिसावर जातो. त्याच्या जोडीदाराला एफ-२ मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी जाणाऱ्याला विद्यापीठ जे-१ देऊ शकते किंवा एच-१बी. जे-१ असेल तर जे-२ वरच्या जोडीदाराला तिथे पोहोचल्यावर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र ही कमाई संशोधकाच्या खर्चासाठी लागणार नाही, असे लिहून द्यावे लागते. एच-१बी असेल तर जोडीदाराचा एच-४ व्हिसा सहसा घरी बसवतो. मे २०१५ पासून त्यातल्या काहींना परवाना मिळू लागला, पण त्यासाठी संशोधकाचे ग्रीन कार्डाचे प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलेले असावे लागते.

मी स्वतः २०१६ मध्ये जे-२ वर गेले. पुण्यात एका बँकेत अकरा वर्षे नोकरी केली होती. अर्ज केल्यावर कार्ड हाती यायला चौथा महिना उजाडला. तोवर वाचनालय, भाजीबाजार आणि खिडकीतून दिसणारा बर्फ, एवढेच जग होते. मग एका छोट्या कार्यालयात हिशेबाचे काम मिळाले. पगार बेताचाच होता, पण पगाराच्या चिठ्ठीवर माझे नाव होते. आमच्याच इमारतीत एक अभियंता गृहस्थ होते. पत्नी संशोधक, हे एच-४ वर. मुलांना शाळेत सोडून आल्यावर ते खाली बाकावर बसून राहत. मला म्हणाले, ‘‘कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर काय सांगू, ताई?’’ शिक्षणात ते माझ्यापेक्षा दोन पावले पुढेच होते. फरक होता तो व्हिसावरच्या एका अक्षराचा.

म्हणून जे-१ नेहमीच चांगला, असेही नाही. सरकारी पैशावर जाणाऱ्या आणि आणखी काही जे-१ धारकांना पुढे एच-१बी किंवा ग्रीन कार्ड हवे असेल, तर आधी दोन वर्षे मायदेशी राहावे लागते, आणि ही अट जोडीदारालाही लागू होते. विशिष्ट विषयांच्या यादीमुळे ही अट लागण्याचा जो प्रकार होता, त्या यादीतून भारताचे नाव डिसेंबर २०२४ मध्ये वगळले गेले. तरीही आपल्या कागदावर काय लिहिले आहे, हे वाचलेच पाहिजे.

इतर देशांत चित्र वेगळे आहे. जर्मनीत संशोधकाच्या जोडीदाराला निवास परवान्याबरोबरच नोकरीची मुभा मिळते. संशोधकाच्या परवान्यावर गेलेल्याच्या जोडीदाराला जर्मन भाषेची प्राथमिक परीक्षाही आधी द्यावी लागत नाही. नोकरी शोधताना भाषा लागते, तो भाग वेगळा. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब आणण्याची मुभा बंद केली, पण पीएच.डी. करणाऱ्यांना ती ठेवली, आणि त्यांच्या जोडीदाराला नोकरीही करता येते.

डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, शिक्षक यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हिसा कामाची परवानगी देतो, व्यवसायाचा परवाना नाही. त्यासाठी तिथल्या परीक्षा आणि नोंदणी वेगळी. आणि ‘पुण्याच्या कंपनीचे काम तिथून संगणकावर केले तर काय बिघडले?’ असे अनेकजण विचारतात. पगार रुपयांत मिळतो म्हणून ते आपोआप चालते, असे समजू नये. काम कुठे बसून केले, हेही पाहिले जाते.

तेव्हा होकार कळवण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला सरळ पत्र लिहा. कोणता व्हिसा देणार, जोडीदाराला काम करता येईल का, परवान्याला साधारण किती महिने लागतात, हे विचारा. दुसरा व्हिसा शक्य असेल तर तोही मागून पाहा. कार्यालय नाही म्हणेल, एवढेच. विवाह नोंदणीचा दाखला, पदवीच्या गुणपत्रिका आणि अनुभवाची पत्रे बरोबर ठेवा. इथली नोकरी सोडण्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का, तेही पाहा.

आणि हा हिशेब दोघांनी एकत्र बसून करा. संधी एकाच्या नावावर आली असली, तरी घर दोघांचे हलणार असते.