४१ किलोमीटर उंचीवरचे जिवाणू



पृथ्वीबाहेर जीवसृष्टी आहे का? खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न थेट प्रयोगाने तपासायला घेतला. अंतराळातून सूक्ष्मजीव पृथ्वीकडे येत असतील, तर ते खूप उंचावरच्या हवेतही सापडायला हवेत, हा त्यामागचा विचार. एप्रिल २००५मध्ये हैदराबादहून इस्रोचा एक प्रचंड फुगा आकाशात झेपावला. त्याच्याबरोबर होत्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या, निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर या नळ्यांत हवेचे नमुने भरून घेतले गेले.

हैदराबाद आणि पुणे इथल्या प्रयोगशाळांनी त्यांची स्वतंत्रपणे तपासणी केली. २००९ साली निष्कर्ष जाहीर झाले. अतिनील किरणांना सहजासहजी दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या होत्या. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचं नाव देण्यात आलं.

इतकं हाती लागूनही शास्त्रज्ञांनी 'परग्रहावरचे जीव सापडले' असा डंका पिटला नाही. हे जिवाणू पृथ्वीवरूनच वर गेले असण्याची शक्यता त्यांनी मोकळेपणाने मान्य केली आणि संशोधन पुढे चालू ठेवायला हवं, असं सांगितलं.

श्रोतेहो, पुराव्यापुरतंच बोलणं हीच विज्ञानाची खरी नम्रता. परग्रहावरच्या जीवसृष्टीची पुढची बातमी कानावर येईल, तेव्हा आपणही आधी पुरावा विचारू या.