समाजमंदिराची किल्ली



सरकारी मदत आणि सामाईक समाजमंदिर, असा विषय आपण मला दिला आहे. विषय रुक्ष खरा. परंतु खोपटसारख्या दाट वस्तीत तो घराघरांत येऊन बसला आहे. एका खोलीत सहा माणसे, टी.व्ही. चालू, आणि कोपऱ्यात दहावीची मुलगी पुस्तक उघडून बसलेली. तिला रोज दोन तास शांत जागा हवी. ती सरकारने द्यावी असे आपण म्हणतो, व ते रास्तच आहे. पण ती जागा केवळ आपली असावी की सगळ्या वस्तीची, यावर आपले एकमत नाही.

खोपटच्या एस.टी. स्थानकावरून टेंभी नाक्यापर्यंत पायी जा. तेथे पारशी बांधवांची १७८० सालची अग्यारी आहे, बेने इस्रायलांचे १८७९ सालचे सिनेगॉग आहे. ठाण्यात प्रत्येक समाजाने आपापले प्रार्थनास्थळ उभारले, त्यात वावगे काही नाही. शाळेचेही तसेच. संविधानाच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क दिला, आणि अनुदान देताना अशा संस्थांशी भेदभाव करू नये असे सरकारला बजावले. या हक्काला आपण जीवापाड जपले पाहिजे.

समाजमंदिराची गोष्ट निराळी. तेथे १५ वे कलम लागू होते. सरकारी पैशाने पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक जागेच्या वापरास धर्म, जात, लिंग यांवरून कोणासही मज्जाव करता येत नाही.

हे कलम आभाळातून पडलेले नाही. त्याची मुळे आपल्या कोकणात आहेत. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. पुढल्या वर्षी महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. म्हणजे कागदावर! पाण्याला हात लावण्यासाठी डॉ. आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसांसह तेथे जावे लागले, मार खावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल येण्यास १९३७ साल उजाडले. त्याच १९२७ च्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली, तेव्हा मंडपाला जागा मिळेना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने. शाळेच्या पुस्तकात तळे येते, फत्तेखान क्वचितच येतात.

आता आजच्या योजनांकडे वळू. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यानंतर २००८-०९ पासून देशातील ९० अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांसाठी बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील परभणी, हिंगोली, वाशिम, बुलढाणा त्यात होते, ठाणे नव्हते. २०१८ साली त्याचे नाव ‘प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रम’ झाले, आणि २०२२-२३ पासून तो सर्व जिल्ह्यांना खुला झाला. शाळा, वसतिगृहांबरोबर ‘सद्भाव मंडप’ नावाची बहुउद्देशीय सभागृहेही त्यात बसतात. २०१८ च्या नियमांतील एक बाब ध्यानात घ्या : लाभक्षेत्रात अल्पसंख्याक २५ टक्के असले तरी पुरे. म्हणजे शंभरातले पंचाहत्तर शेजारी इतर समाजाचे असू शकतात, हे योजनेनेच गृहीत धरले आहे.

आपल्यातील काही बुजुर्ग म्हणतात, "सामाईक हॉलमध्ये आपल्याला तारीख कोण देणार?" ही भीती निराधार नाही. ज्याच्या कमरेला किल्ली, त्याचा हॉल, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो. परंतु त्याचा इलाज वेगळा हॉल मागण्यात नाही. नोंदवही मागण्यात आहे. नोंदणी ज्या क्रमाने होईल त्या क्रमाने तारखा, भाडे सर्वांना एकच, आणि दोन्ही दाराजवळच्या फळ्यावर लिहिलेले. व्यवस्था पाहणाऱ्या समितीत सर्व मोहल्ल्यांची माणसे हवीत, त्यांत स्त्रियाही हव्यात.

आणि स्वयंपाकघर! सामाईक सभागृहातील तंटे धर्मावरून थोडे, पातेल्यांवरून अधिक होतात. सभागृहाने भांडी ठेवूच नयेत. ज्याचे कार्य, त्याने आपली आणावीत. लाऊडस्पीकरची वेळही आधीच ठरवावी. लग्नसराईत सगळ्या तारखा जातात, म्हणून अभ्यासिकेला स्वतंत्र दार असावे. वर पंगत बसली असली तरी खाली मुलींचा अभ्यास चालला पाहिजे.

पालिकेकडे अर्ज करावयाचा झाल्यास तो केवळ आपल्या लेटरहेडवर जाऊ नये. वस्तीतील गणेशोत्सव मंडळ, बुद्धविहार, महिला बचत गट यांच्याकडे आपण स्वतः जावे आणि अर्जावर त्यांच्या सह्या घ्याव्यात. बैठकीसाठी आपल्या शाळेचा एक वर्ग रविवारी उघडून देता येईल. विश्वस्तांनी त्याला परवानगी द्यावी, एवढी विनंती मी आजच करून ठेवतो.